नौसैनिक आजोबांच्या वह्या

महोदय,

नौदलातून निवृत्त होऊन उतारवयात कुलवृत्तांत जमवणारे आजोबा गेले की श्रद्धांजलीत ‘मनमिळाऊ’ छापून येते. वह्या मात्र रद्दीत जातात. निदान सेवाक्रमांक आणि १९७१ च्या युद्धात ते कोणत्या जहाजावर होते एवढे तरी नोंदवा. नौसैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या, मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्स या नौदल कार्यालयाला लिहिताना क्रमांक हाताशी हवा. फोटोंमागे मऊ पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन तर नकोच!

वंशावळीत खरा घोळ नावांचा. नातवाला आजोबांचे नाव ठेवल्याने मधल्या दोन पिढ्या सहज गळतात, दत्तक गेलेला दोन्ही शाखांत मोजला जातो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, पण माघ-फाल्गुनातल्या नोंदींना ७९ मिळवावे लागतात.

– एक वाचक, रत्नागिरी