हवेतला नत्र पिकाला थेट का मिळत नाही?

महोदय,

‘हवेत ७८ टक्के नायट्रोजन असताना युरियावर पैसे कशाला घालवायचे?’ असा प्रश्न करणारे संदेश हल्ली शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि ‘नायट्रोजन निष्क्रिय वायू आहे’ एवढे सांगून जाणकारही मोकळे होतात. हे उत्तर अर्धवट आहे. हेलियम किंवा आरगॉन यांचा अणूच सहसा कोणाशी संयोग पावत नाही; नायट्रोजनच्या अणूला मात्र बाह्यतम कवचात पाचच इलेक्ट्रॉन असल्याने आणखी तीन हवे असतात, आणि ती गरज भागवण्यासाठी दोन अणू एकमेकांशी तिहेरी बंधाने जखडले जातात. हा बंध तोडायला प्रति मोल सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला सुमारे ४९८ पुरते. म्हणजे आळशी आहे तो रेणू. जोडी एकदा फुटली की हाच नायट्रोजन अमोनियात, नायट्रेटमध्ये, प्रथिनांत, अगदी स्फोटकांतही सहज सामावतो.

ती फोडायची कोणी, एवढाच खरा प्रश्न आहे. हेबर-बॉश प्रक्रियेने, जी जर्मनीतील ओप्पाऊ येथे १९१३ साली कारखान्यात प्रत्यक्ष उतरली, लोहाच्या उत्प्रेरकावर ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब वापरून नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया बनवतात, आणि त्या अमोनियापासून युरिया. सोयाबीनसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतात, पण तेही फुकट नव्हे. त्यासाठी लागणारी साखर पीकच पुरवते. सोयाबीन फुलोऱ्यात असताना एखादे झाड हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-लालसर दिसली तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा; बंध तोडणारे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून गाठीतला मोकळा ऑक्सिजन अत्यल्प ठेवण्याची जबाबदारी या द्रव्यावर असते. ऊस किंवा गव्हाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, त्यामुळे सोयाबीनचा हिशेब त्यांना लावता येणार नाही.

युरियातला ४६ टक्के नत्र हा एवढी ऊर्जा खर्चून सोडवलेला नत्र आहे. ओल्या जमिनीवर तो नुसता फेकून ठेवला, तर मातीतल्या युरिएज विकरामुळे त्याचा अमोनिया होतो आणि बराचसा हवेत उडून जातो. खत मातीआड करण्याचा सल्ला त्याचसाठी दिला जातो.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, लातूर