राहुरीपर्यंत सोबत आलेल्या पास्टर काकांना

काका, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण कोणीतरी वाचून तुम्हाला दाखवेलच, आपलं नाशिक एवढं काय मोठं नाही.

अण्णांना जाऊन पाच महिने होतील आता. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आयसीयूतला तिसरा दिवस होता, मी दोन रात्री खुर्चीतच काढलेल्या, तुमच्या आयकार्डावर चॅपलेन (म्हणजे पेशंट आणि नातेवाइकांना धीर देणारा हॉस्पिटलातला पाळक) लिहिलेलं ते मी चॅप्लिन वाचलं आणि त्या टेन्शनमध्ये पण फस्सकन हसले. तुम्ही म्हणालात, वाचू द्या, निम्मं हॉस्पिटल तेच वाचतं.

आमच्या चुलत्यांना मात्र तुम्ही चर्चचे म्हटल्यावर पटलंच नाही. धर्म बदलायला आलाय का, असं तोंडावर विचारलं त्यांनी, माझी मान खाली गेली. तुम्ही शांतपणे म्हणालात, अण्णा माळकरी आहेत ना, मग मला त्यांच्याच विठोबाचं ऐकायचंय. आणि खरंच, एवढ्या दिवसांत तुम्ही स्वतःहून एकदाही प्रार्थना म्हटली नाहीत.

माळेचं सांगते. अ‍ॅडमिट करताना सिस्टरनी अण्णांची तुळशीची माळ काढून माझ्या हातात दिली होती, ती माझ्या पर्समध्ये, आणि अण्णा सारखा गळ्याकडे हात नेत होते. आम्हाला वाटलं मास्क टोचतोय, सिस्टरना वाटलं नळी ओढतायत म्हणून हात बांधायची वेळ आली. तुम्ही फक्त विचारलंत, इथे रोज काय असायचं? मग तुम्हीच इन्चार्ज सिस्टरशी बोललात आणि माळ छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीपाशी ठेवली. हात लागला तिला आणि अण्णा झोपले. चार तास.

आणि मुक्काम! अण्णा दरवर्षी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जायचे, हे मी सहज बोलून गेले, तर तुम्ही खिशातली डायरी काढून मुक्काम लिहून घेतलेत. मग रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेत त्यांच्या कानाशी वाकून, अण्णा आज सातपूर, अण्णा आज पळसे, आता सिन्नरकडे निघायचं. आणि तिथे जेवायला काय असतं, कोणाच्या ओसरीवर झोपता, असलं काहीबाही विचारायचात. मास्कमुळे बोलता येत नव्हतं पण अण्णा बोटांनी सांगायचे, पिठलं म्हणजे कसं हात फिरवून ढवळून दाखवायचे, आठवतंय?

कॅन्टीनला चहा पिताना मी विचारलं होतं या चॅपलेनच्या कामाचं शिक्षण असतं का. तुम्ही त्या अँटन बॉइसेनबद्दल सांगितलंत, अमेरिकेतला पाळक, स्वतः मानसिक आजाराने हॉस्पिटलात राहून आलेला, आणि त्याने 1925 साली वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या पोरांना पुस्तकं सोडून पेशंटजवळ बसायला लावलं. पेशंट म्हणजेच वाचायचा ग्रंथ, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा हो हो केलं, डोक्यात बिलाचा आकडा फिरत होता, सॉरी. नंतर कळलं तुम्ही ते अण्णांशीच करत होतात, आणि माझ्याशी पण.

कारण त्याच दिवशी मी बोलले ना, की ऑफिसात ऑडिट होतं म्हणून अण्णांना आणायला दोन दिवस उशीर केला. बाकी सगळे म्हणायचे तुझी काही चूक नाही गं, त्याने उलट जास्तच टोचायचं. तुम्ही म्हणालात, त्या दोन दिवसांत अण्णा काय म्हणत होते? आणि मला आठवलं की ते चिडून म्हणत होते काढा दे, दवाखान्यात नेलंस तर बोलणार नाही. मग मी रडले ते सगळ्या कॅन्टीनने बघितलं, आणि तुमचा चहा गार झाला.

राहुरी झाली आणि त्या रात्री अण्णा गेले. नगर राहिलं.

यंदा मी रजा टाकून नगरला गेले आणि तिथून दिंडीत दोन मुक्काम चालले, तेवढ्यातच पायाला फोड, अण्णा हसले असते. चुलते पण आले होते. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, तोंडावर सांगायला लाजतायत.

तुमच्या डायरीतलं ते पान माझ्याकडेच राहिलंय, राहुरीपर्यंतच्या मुक्कामांपुढे तुमच्या टिकच्या खुणा आहेत, पुढच्या दोन मी केल्या. परत हवं असेल तर आणून देते, नाहीतर राहू दे माझ्याकडे, पुढच्या ज्येष्ठात लागेल.