जुना कॅम्पर घेताना आधी पाणी मारून बघा, मग काट्यावर चढवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पिकअपवर बसवलेल्या, छत वर उचलणाऱ्या कॅम्परचा फोटो आला तेव्हापासून माझ्या शेडवर आठवड्याला दोन-तीन जण तरी विचारायला यायलेत, की भाऊ असा सेकंडहँड मिळाला तर घ्यावा का. मी परभणीत २२ वर्षं पिकअपच्या हौद्याची न् ट्रॉलीची कामं करतो, म्हणून एकेकाला सांगत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहितो, जमलं तर छापा.

हा कॅम्पर म्हणजे हौद्यात बसणारी खोली. चालताना छत खाली, मुक्कामाला वर, मधे कापडाच्या भिंती. अमेरिकेत हे जुनं आहे, आपल्याकडं पुण्या-बंगळुराकडं कुणीकुणी ऑर्डरनं बनवून घेतात आणि पहिल्या मालकाची हौस फिटली की विकायला काढतात. चीज चांगली आहे, रेल्वेच्या पुलाखालून जाते, बाभळीच्या फांद्या लागत नाहीत, घाटात वळणाला गाडी कमी झुकते. पण बघून घेतली तरच.

मी स्वतः बघून घेतला नाही. आईचे गुडघे गेलेत आणि तिची इच्छा होती की गजानन महाराजांच्या पालखीसंगं गंगाखेडपासून पंढरपूरपर्यंत जायचं, रात्री पाठ टेकायला कोरडी जागा पायजे एवढंच. गेल्या वर्षी एप्रिलमधी एकाकडून जुना कॅम्पर घेतला, आतून नवा प्लाय, नव्या गाद्या, कडेनं पांढरं सिलिकॉन मारलेलं, मी खुश. अंबाजोगाईच्या मुक्कामी पाऊस आला आणि रात्री एक वाजता छताच्या पुढच्या कोपऱ्यातून धार लागली ती थेट आईच्या अंथरुणावर, माउली उशी छातीशी धरून बसून राहिली सकाळपर्यंत, एक शब्द बोलली नाही. घरी येऊन नवा प्लाय उचकटला तर खालची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. २२ वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला हे एप्रिलमधी दिसलं नाही, कारण एप्रिलमधी पाऊस नसतो.

तर पहिलं काम, विकणाऱ्याच्या दारात साधा पाईप लावून २० मिनिटं पाणी सोडा, आधी छत बंद ठेवून, मग उघडून. वॉशिंग सेंटरचं प्रेशर मारू नका, ते चांगल्या सांध्यातूनही आत घुसतं आणि उगं भांडण होतं. मग आत जाऊन छताची पुढची कड, खिडक्यांचे कोपरे, वरच्या झरोक्याची चौकट, गाद्या उचलून त्यांच्या खालचे कोपरे हातानं चाचपा, फळीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा, रुतलं तर सोडून द्या. एकाच जागी ताजं सिलिकॉन दिसलं तर तिथं काय झालं होतं ते विचारा. आणि वास घ्या, कुबट वास लपत नाही.

कापडाला मात्र लोक उगं घाबरतात. मराठवाड्याच्या उन्हात कापडाआधी शिलाईचा दोरा जातो, नखानं खरवडला की तुटतो, पण ताडपत्री शिवणारा कारागीर नवीन भिंती शिवून देतो, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. फ्रेम वाकलेली असली तर मात्र घेऊ नका. छत स्वतःच्या हातानं तीनदा वर-खाली करा, टेपनं चारी कोपऱ्यांची उंची आणि दोन्ही कर्ण मोजा, फरक आला तर चौकट तिरपी झालीय. छत उचलणारे गॅसचे शॉकअप दमलेले असतील तर बदलता येतात, त्यात काही नाही.

आता वजन. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही असतात, त्यातला फरक म्हणजे गाडीची वजन वाहायची ताकद. समजा कॅम्पर ६०० किलो, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, बॅटरी ५५, भरलेला सिलिंडर ३०, अंथरूण-भांडी-शिधा १००, तीन माणसं २००, झाले १०८५ किलो, आणि विकणारा सांगतो फक्त ६००. मोंढ्यातल्या काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त पुढची चाकं, कॅम्पर उतरवून एकदा न् चढवून एकदा. कॅम्पर चढवल्यावर पुढच्या चाकांवरचं वजन आधीपेक्षा कमी भरलं तर बोजा मागच्या एक्सलच्या मागं पडायलाय, स्टेअरिंग हलकं होईल, तसला कॅम्पर तुमच्या गाडीचा नाही. पिकअपही जुनी असली तर मागचे पाटे, म्हणजे बोजा पेलणाऱ्या स्प्रिंगच्या वाकड्या पट्ट्या, सरळ झालेत का बघा, कांदा-वाळू वाहिलेल्या गाडीचे होतातच. आणि कॅम्परचे पट्टे हौद्याच्या पत्र्याला नव्हं, चेसीसला बांधलेले पायजेत.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी असते. माझ्याकडं यंदा दुरुस्तीला आलेल्या तीनपैकी दोन कॅम्परमधी ती जाळी धूळ येती म्हणून चिंध्या कोंबून बंद केलेली होती. आत लेकरं झोपतात हो! घेताना जाळी मोकळी करा, पाईपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

कागदाचंही तेवढंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनानं बदल करू देत नाही, जानेवारी २०१९ मधी सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. म्हणून कॅम्पर वेल्डिंग करून पक्का बसवलेला असला तर आरसीवर नोंद आहे का ते आधी बघा, आणि चालत्या गाडीत मागं माणूस बसवू नका. राज्य सरकारनं २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं केलं, पण पिकअपवर असा कॅम्पर ठेवायचा तर काय चालतं न् काय नाही, हे साध्या मराठीत लिहिलेला एक फलक आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयात लागावा ही माझी विनंती आहे. वेरूळला, औंढ्याला, तुळजापूरला असल्या गाड्यांना रात्री थांबायला पाणी न् संडासाची सोय झाली तर म्हाताऱ्या माणसांचं लई भलं होईल.

माझ्या कॅम्परची फरशी मी पूर्ण नवीन टाकली, छताचा सांधा उकलून परत बसवला, परवा पाईप लावून अर्धा तास पाणी मारलं. आई आत जाऊन कोपऱ्याला हात लावून आली, कोरडा होता, म्हणाली यंदा जाऊ.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, परभणी