मेट्रोतल्या काकांना थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही शंकर नगरला चढता, मी सुभाष नगरपासून बसलेलो असतो, दोन वर्षं झाली आपण एकमेकांकडे पाहून मान हलवतो अन् सीताबर्डीला उतरून मी खापरीची गाडी पकडतो, तुम्ही कुठे जाता देव जाणे. त्या मंगळवारी तुम्ही स्वतःहून विचारलं, काय बाबू, तोंड का पाडून बसला, म्हणून वाचलो.

झालं असं की इंग्लंडच्या क्लायंटने मेलमध्ये लिहिलं होतं, या सॉफ्टवेअरशी माझी नॉडिंग अक्वेंटन्स आहे. आता नॉड म्हणजे मान डोलावणं, अन् आपल्याकडे मान डोलावली की होकार, नंदीबैलापासून तेच पाहत आलो. मला वाटलं याला सगळं येऊन राहिलं, मी ट्रेनिंगचे दोन्ही सेशन उडवले. डेमोच्या दिवशी तो बिचारा स्क्रीनकडे पाहून राहिला अन् मॅनेजर माझ्याकडे.

तुम्ही हसले नाही (थोडे हसले, पाहिलं मी), फक्त म्हणाले, "अरे, आपली आहे ना, तशी ओळख." दिसलं की मान हलवायची अन् समोर निघायचं. माणसाशी असते तशीच विषयाशीही, म्हणजे आपली तोंडओळख! संगणकाची तोंडओळख असं पुस्तकावर छापलेलं शाळेपासून पाहतो मी, तरी डोक्यात जुळलं नाही.

झाशी राणी चौक येईपर्यंत तुम्ही बाकीचंही सांगून टाकलं. बाय साइट ओळखणं म्हणजे नुसता चेहरा माहीत, समोरच्याने आपल्याला ओळखलंच पाहिजे असं नाही. स्पीकिंग टर्म्स म्हणजे बोलण्याइतपत, पण ते जास्त करून नॉट लावूनच ऐकू येतं, म्हणजे सरळ अबोला. अन् फर्स्ट नेम टर्म्स म्हणजे मिस्टर अन् आडनाव गळून पडलं, अमेरिकेत त्यालाच फर्स्ट नेम बेसिस म्हणतात. हे शेवटचं आपल्याकडे कसं चालणार ते मला कळलं नाही, तुम्हाला नावाने हाक मारली तर आई घरात घेणार नाही.

रात्री क्लायंटला सॉरीचा मेल टाकला, लिहिलं की इंग्रजी इडियम्सशी माझीही नॉडिंग अक्वेंटन्सच आहे. त्याला जाम हसू आलं म्हणे, दोन्ही सेशन परत लागले.

तेव्हा दार उघडलं अन् थँक्यू राहूनच गेलं, म्हणून हे लिहून राहिलो. एक दिवस सीताबर्डीला पंधरा मिनिटं काढा काका, तर्री पोहे माझ्याकडून, अन् नाव तेवढं सांगा.