गणपतीपुळ्याच्या त्या माणसांना, सोलापूरहून

दिवाळीच्या सुट्टीत मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. सत्तरीतल्या आईनं पहिल्यांदाच समुद्र पाहिला. घोटाभर पाण्यातच उभी होती, पण परतणाऱ्या लाटेनं पायाखालची वाळू ओढली आणि ती पडली. मी पोचायच्या आत शहाळी विकणारे दादा आणि दोन पोरं धावली, तिला उचलून आणलं. एका मावशींनी स्वतःचं कोरडं लुगडं नेसवलं. नावं विचारायचंही भान राहिलं नाही.

रोजच्या बातम्यांत माणसं एकमेकांवर तुटून पडताना दिसतात. मला मात्र तुमचे भिजलेले हात आठवतात. मनापासून आभार! लुगडं आईनं धुऊन घडी घालून ठेवलंय. मावशी, सोलापूरला याच. कडक भाकरी, शेंगाचटणी तयार आहे.