आशाताई, ग्रहणाचा डाग तुम्ही पुसलात

आशाताई, सप्रेम नमस्कार.

लेक यंदा पहिलीत गेला. खो-खोत पळतो, झाडावर चढतो. हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पाटण खोऱ्यातल्या आणखी चार आयांनी ते वाचायला हवं.

तो जन्मला तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली होती. बघायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "ग्रहणात विळी धरली होतीस का गं?" आशा सेविका म्हणून तुम्ही बाळाचं वजन करायला आलात, त्याची पावलं हातात घेतलीत आणि सासूबाईंच्या देखतच सांगितलंत, "याला क्लबफूट म्हणतात. हजारात एखाद्या बाळाला असतं. यात आईचा काही दोष नाही." त्यानंतर घरात ग्रहणाचा विषय कुणी काढला नाही.

साताऱ्याला सिव्हिलमध्ये तुम्हीच घेऊन गेलात. मोठं ऑपरेशन होणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो. पूर्वी तसंच करायचे, आणि मोठेपणी ते पाय ताठरायचे, दुखायचे, असं डॉक्टर म्हणाले. अमेरिकेत आयोवाला डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी वेगळी वाट काढली, तीच आमच्या लेकासाठी वापरली: दर आठवड्याला पाऊल हातानं हळूच थोडं वळवायचं आणि बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालायचं. शेवटी टाचेमागची आखडलेली शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी) बारीकशी छेद देऊन सैल करायची आणि तीन आठवडे शेवटचं प्लास्टर ठेवायचं. तेवढ्यात ती लांब होऊन भरून येते. बोटं गुलाबी आणि गरम आहेत ना, प्लास्टरात आत सरकली नाहीत ना, हे बघायला तुम्ही मला शिकवलंत.

पण खरे आभार मानायचेत ते बुटांच्या वर्षांसाठी. पावलं सरळ दिसायला लागली की सगळ्यांना वाटतं, झालं. पट्टीनं जोडलेले ते बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपेत घालायचे असतात. ते सोडले की पाय पुन्हा वळतात. पोर रडायचं, आजीचा जीव तुटायचा, "आजच्या रात्रीपुरते बूट काढ की" म्हणायची. तुम्ही दिवेलागणीला येऊन आधी पट्टा तपासायचात, मग चहा घ्यायचात. आजीला शेजारी बसवून बूट घालायला तुम्हीच शिकवलंत. पुढे आजीच कुणाला ते काढू देईना!

नवजात बाळाच्या तुमच्या घरभेटी ४२व्या दिवशी संपतात. त्यापुढच्या या फेऱ्यांचा मोबदला तुम्हाला कुणी दिला नाही, आणि तुम्ही कधी बोलूनही दाखवलं नाही. मला मात्र ते बोलायलाच हवं.

तुमच्या भागात पुन्हा असं बाळ जन्मलं, तर त्या आईकडे जाताना मला सोबत न्या. लेकाचे प्लास्टरातले फोटो मी जपून ठेवलेत, आणि तोही येईल, धावत.

तुमची,
वरच्या आळीतली धाकटी सून