रिकाम्या पोटी पळू नको गे, आणि ती निळी बॅच

अनू, अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यापासून आईची बडबड चालू आहे, पळता पळता डोळ्यापुढं अंधारी आली हे तू एका वाक्यात उडवलंस आणि निम्मा वेळ लॅबमधल्या सोन्याच्या बारीक कणांच्या निळ्या पडलेल्या बॅचवर बोललीस, म्हणून दोन्हीवर लिहितोय, निवांत वाच.

आधी सोनं, ते माझ्या धंद्यातलं. शहापुरात बसून सोनं मी जन्मभर पिवळंच बघितलं, आणि तुझं ते गोल्ड क्लोराईडचं उकळतं पाणी, त्यात लिंबाच्या आम्लापासूनचं सायट्रेट घातलं की आधी पिवळेपणा जातो, मग काळपट जांभळं आणि मग कोकम सरबतासारखं लाल! फॅराडेनं 1857 मध्येच असलं लाल सोनं करून अभ्यासलं आणि त्याच्या बाटल्या अजून लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत, हे वाचून लई भारी वाटलं. पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण असले तर स्पेक्ट्रममधला पीक, म्हणजे प्रकाश सगळ्यात जास्त शोषला जातो तो उंचवटा, 520 नॅनोमीटरच्या आसपास येतो, आणि तुझा पीक 600 च्या पुढं पसरला म्हणजे कण एकमेकांना चिकटले आणि म्हणून रंग निळा पडला, एवढं मला आता कळतं. सायट्रेटमुळं कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, मीठ किंवा क्षार पडला की तो जोर जातो. त्यामुळं माझा संशय भांड्यावर. मुशीत जुनं काही चिकटलेलं असलं तर आम्ही नवं सोनं त्यात घालत नाही. भांडं ॲक्वा रेजियानं, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या तेजाबानं धुतेस ते ठीक, पण शेवटचं पाणी डिस्टिल्डच होतं की घाईत नळाचं? आणि ते काम वाफ ओढून घेणाऱ्या हूडखालीच कर, तेजाबाच्या वाफेनं लोकांची छाती कशी होते ते बघितलंय मी गल्लीत.

दुसरं म्हणजे रीडिंग एकदम शेवटी घेऊ नको. सायट्रेट घातल्यापासून दर दोन-तीन मिनिटांनी थोडं थोडं काढून स्पेक्ट्रम घेत जा, म्हणजे कुठं बिघडलं ते सापडतं, नुसत्या डोळ्यावर विसंबू नये, डोळ्याला लालच दिसतं आणि पीक तोवर रुंद व्हायला लागलेला असतो.

आता पळण्याचं. रात्रभर मेंदू लिव्हरमधली साखर वापरत असतो, सकाळपर्यंत तो साठा बराच उतरतो, स्नायूंतला मात्र बऱ्यापैकी राहतो, म्हणून अर्धा तास हळू पळालं तर बहुतेकांना काही होत नाही. पण तू नुसत्या चहावर उठून चढावर जोरात पळतेस, मग अंधारी येणारच की. व्यायामाआधी एक ते चार तासांत वजनाच्या दर किलोला एक ते चार ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, असं सांगतात, वेळ कमी असला तर कमी. तुझं वजन पन्नास धर, तासभर आधी दोन केळी झाली की काम भागतं. पुरी-भाजी, मिसळ नको, तेल आणि फायबर पोटात रेंगाळतं आणि पळताना रक्त आतड्यांकडून पायांकडं जातं, मग मळमळ. आणि निघायच्या आधी अर्धा तास नुसतं गोड खाल्लं तर काहीजणांची साखर पळायला लागल्यावर एकदम खाली येते, तू त्यातली आहेस काय ते बघायला पाहिजे. उपाशी पळालं की चरबी जास्त जळते हे खरं गे, पण पळतानाच, दिवसाचं खाणं तेवढंच असलं तर वजनात फारसा फरक पडत नाही, तेव्हा वजन उतरवायला उपाशी पळ म्हणणाऱ्या मैत्रिणीचं ऐकू नको.

लॅबच्या वहीत लिहितेस तसंच काय खाल्लं, किती वाजता, नाडी किती, कसं वाटलं ते लिही, आणि एका वेळी एकच बदल, केळीही आणि वेळही एकदम बदलू नको. खाऊनही परत अंधारी आली तर मात्र वही बाजूला ठेव आणि डॉक्टरकडं जा, रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आधी.

शनिवारी मामा धारवाडला येतोय, त्याच्याजवळ चुरमुरे, गूळ-शेंगदाणे आणि कुंदा देतोय. कुंदा पळून आल्यावर खा, आधी नको, आणि रूममेटला पण दे.

तुझे बाबा